मागाहून जे बदलता येत नाही

नौपाडा, ठाणे (पश्चिम)

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तीन लॅपटॉपच्या जाहिराती मी काल रात्री दुकान बंद केल्यावर नीट वाचल्या. वडिलांनी तुझ्यासाठी पस्तीस हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि त्यांतले शक्य तितके वाचावेत म्हणून तू सर्वांत स्वस्त यंत्रावर खूण केली आहेस. तुझा हेतू मला मनापासून आवडला, पण ते यंत्र तू घेऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे न समजता केवळ काका म्हणतात म्हणून तू ऐकावेस असे मला वाटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लॅपटॉपमधले काही भाग तळाचे स्क्रू काढून अर्ध्या तासात बदलता येतात. एसएसडी (फाइली साठवणारा भाग), बॅटरी आणि स्लॉट, म्हणजे खाच, दिलेला असेल तर रॅम (चालू कामापुरती तात्पुरती मेमरी), हे भाग अशांपैकी आहेत. इतर भाग मात्र घेताना जसे पदरात पडले तसेच शेवटपर्यंत सांभाळावे लागतात. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डावर) कायमचा बसवलेला असतो. पडदा बदलता येतो, पण स्वस्त यंत्राला तो खर्च परवडत नाही. कीबोर्ड तर आजकालच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत वरच्या आवरणालाच प्लास्टिकच्या रिव्हेटांनी पक्का केलेला असतो, त्यामुळे चार कळा बिघडल्या तरी कित्येकदा अख्खे आवरण बदलावे लागते. म्हणून पैसे मोजके असतील तेव्हा ते आधी या दुसऱ्या प्रकारच्या भागांवर खर्च करावेत, आणि जे पुढे वाढवता येईल ते आज बेताचे घेतले तरी चालते.

तू खूण केलेल्या यंत्रात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान मर्यादा नेमकी तेवढीच आहे, पण ती यंत्र सुरू होण्यापुरती आहे. त्यावर सुखाने काम होईल असा तिचा अर्थ नाही. ईएमएमसी म्हणजे मोबाइलमध्ये असते तशा जातीची, बोर्डावरच सोल्डर केलेली चिप. ती एसएसडीपेक्षा बरीच मंद असते आणि ती काढून मोठी बसवता येत नाही. ‘फक्त टायपिंग आणि इंटरनेट तर करायचे आहे’ असे म्हणून काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीला असाच ३२ जीबी साठवणीचा लॅपटॉप घेण्यास होकार दिला होता. पहिल्या मोठ्या अपडेटलाच त्यात जागा उरली नाही. मी त्यातले तिचे फोटो पुसले, प्रोग्रॅम काढून टाकले, पेन ड्राइव्ह जोडून अपडेट पूर्ण केले, आणि पुढच्या खेपेस पुन्हा तीच कथा झाली. दुरुस्ती हा माझा व्यवसाय असूनही त्या यंत्राचे मला काहीच करता येईना, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने कळव्याला मैत्रिणीच्या घरी बसून पुरा केला. ती मला कधी बोलली नाही, पण तो होकार मला आजही खुपतो.

तुझ्या कामाला, म्हणजे ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, एखादा ऑनलाइन तास, एक्सेल आणि मराठी-इंग्रजी टायपिंग यांना, ८ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडी एवढे पुरेसे आहे. मात्र पुढे रॅम वाढवता येईल की नाही हे आजच पाहून ठेव. जाहिरातीत ते क्वचितच स्पष्ट लिहिलेले असते, पण दुकानात मांडलेल्या यंत्रावर एका मिनिटात कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकत्र दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवड. उजवीकडे खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ दिसेल. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. काही यंत्रांत थोडी रॅम सोल्डर केलेली आणि शिवाय एक रिकामा स्लॉट अशी सोय असते, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक टिपून घे आणि मला कळव. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर भडकले, तेव्हा १६ जीबीसाठी आज ओढाताण करण्यापेक्षा रिकामा स्लॉट असलेले ८ जीबीचे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरेल.

प्रोसेसरच्या बाबतीत स्टिकरवरच्या मोठ्या नावाने हुरळून जाऊ नकोस. तुझ्या दुसऱ्या जाहिरातीत एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू आहे. त्या पिढीच्या नावांत आरंभीचा ७ हा आकडा २०२३ च्या मालिकेचा, आणि आतली रचना कोणत्या काळाची ते तिसरा अंक सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, अर्थात २०१९ मध्ये आलेली रचना. त्यात ४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे ४ गाभे, आहेत आणि रॅम सोल्डर केलेलीच असते. त्याच्याच शेजारी मांडलेल्या ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ६ कोअर आहेत, पण दोन्हींवर नाव रायझन ५ हेच. तिसऱ्या जाहिरातीतला इंटेलचा कोअर आय३ १२१५यू नावाने लहान वाटतो, तरी त्यात ६ कोअर आहेत आणि तुझ्या कामासाठी तो मला या तिघांत सर्वांत योग्य वाटतो. सेलेरॉन एन४०२० सारखा २ कोअरचा प्रोसेसर कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नकोस.

खरेदीपूर्वी यंत्र हाताळून पाहा, मग ते ठाण्यात गोखले रोडवर असो की तुमच्या बाजूला वाशीच्या सेक्टर १७ मध्ये. पडदा फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० चा हवा. त्यावर एखादा फोटो उघड आणि पडदा हळूहळू मागे झुकव. रंग फिके पडले, काळ्याचे राखाडी झाले, तर ते जुन्या टीएन प्रकारचे पॅनेल आहे. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये असे फारसे होत नाही. रोज तीन-चार तास वाचणाऱ्या मुलीने डोळ्यांशी तडजोड करू नये. मग कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाब देऊन तो कितपत खचतो ते बघ, आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडताना बिजागरी कुरकुरते का ते ऐक. माझ्या टेबलावर येणाऱ्या स्वस्त यंत्रांत बिजागरीशेजारचे प्लास्टिक फाटलेली यंत्रे फार असतात.

तू कोपरखैरण्याहून रोज ठाण्याच्या लोकलने येतेस, म्हणून १५.६ इंचांपेक्षा १४ इंची यंत्र घेतलेस तर बरे. सकाळच्या गर्दीत पाठीवरची बॅग छातीशी घ्यावी लागते आणि समोरच्याचा कोपर नेमका लॅपटॉपच्या झाकणावर दाबला जातो. मागच्या पावसाळ्यात मी उघडलेल्या एका लॅपटॉपला बाहेरून ओरखडाही नव्हता, पण पडदा सुरू करताच एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरलेल्या दिसल्या. जाड गादीचा कप्पा असलेली बॅग आणि आत एक प्लास्टिकची पिशवी, एवढा खर्च याच पस्तीस हजारांत धर.

जुना, रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप घ्यावा का, असेही तू विचारले आहेस. कार्यालयांतून निघालेली यंत्रे बांध्याने खरोखर मजबूत असतात आणि त्यांचे कीबोर्ड मला नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा अधिक आवडतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आय५ ६३००यू मधला ६ म्हणजे सहावी पिढी. ते यंत्र आडमार्गाने विंडोज ११ घालून दिलेले असले तरी घेऊ नकोस. आय५ ८३५०यू चालेल. बॅटरीचा अहवाल मात्र माग: कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत लिहिले की अहवालाची फाइल तयार होते, ती उघडली की मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता दोन्ही आकडे समोर येतात. शिवाय बायॉसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड नाही ना, हे दुकानदारासमोरच यंत्र सुरू करून पाहा.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. जीएसटीचे पक्के बिल घे आणि त्यावरचा सिरियल नंबर तळाच्या नंबराशी ताडून पाहा. ऑफिस मोफत असेल तर ते कायमचे आहे की महिन्याभराचे, हे लेखी विचार. आणि ते सुरू करताना दुकानातल्या मुलाच्या ईमेलवर होऊ देऊ नकोस, तुझे स्वतःचे खाते वापर, कारण पुढे ते त्याच खात्याला बांधलेले राहते. क्रेडिट कार्डाच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याजाइतकी सूट दिलेली असली तरी व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याकडूनच जाते, त्यामुळे रोख पैसे हाती असताना हप्त्यांत पडू नये.

मराठी टायपिंगसाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) दोन्ही कीबोर्ड आहेत. मी ते चालू करून देईन.

शनिवारी वडिलांना घेऊन दुकाने बघ, पण पैसे देण्यापूर्वी तिसऱ्या यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि त्या टास्क मॅनेजरच्या ओळीचा फोटो मला पाठव. त्यात एसओडीआयएमएम दिसले, तर तेच घे.

तुझा,
काका