पाच महिन्यांच्या बाळाला रात्री आपलं आपण झोपायची सवय कशी लावावी?

तुमचं बाळ पाच महिन्यांचं आहे, रात्री दर दीड तासाने उठतं, घर वन रूम किचन आहे आणि सासूबाई त्याला रडू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. भांडुपला आमचं घरही एवढंच होतं, म्हणून सांगते.

वय योग्य आहे. चार महिन्यांच्या आत मात्र कुणी हे करू नये, तोवर बाळाला दिवस-रात्र नीट कळत नाही. वजन व्यवस्थित वाढतंय ना, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

लहान बाळ साधारण पाऊण-एक तासाने अर्धवट जागं होतंच. ज्या आधाराने झोपलं, तोच आधार तेव्हा शोधतं. आमचा मुलगा झोळीत झोपायचा. कडीची कुरकुर थांबली की टक्क डोळे उघडायचा. रात्री तीनला झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी पडल्या पडल्या ओढत असायची, आणि डोळा लागला की पाय थांबायचा, की हा परत उठलाच.

रात्रीची झोळी आधी बंद केली. रोज आठला अंग पुसायचं, कपडे बदलायचे, दिवा मंद, मग अंगावर पाजायचं, ढेकर काढायची. डोळे जड झालेत पण मिटले नाहीत, अशा वेळी गादीवर ठेवायचं. सगळं त्या एका क्षणात आहे! फर्बर पद्धतीत बाळाला ठेवून बाहेर जायचं आणि तीन, पाच, दहा मिनिटांनी येऊन धीर द्यायचा असतो. एका खोलीत बाहेर जाणार कुठे? मी शेजारीच बसायची, छातीवर हात ठेवून थोपटायची. रडणं वाढलंच तर उचलून शांत करायची आणि जागा असतानाच परत ठेवायची. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं गेली, मलाही रडू आलं. पाचव्या रात्री दहा मिनिटांत झोपला. दोनचं दूध मी चालूच ठेवलं. भुकेचं रडणं वेगळं असतं, त्याकडे कधीही दुर्लक्ष करू नका.

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "लेकराला रडवतेस होय गं?" त्यांना बाजूला ठेवलं असतं तर जमलंच नसतं. अंगाई त्यांच्याकडे दिली. त्यांचा आवाज सुरू झाला की तो मुठी सैल सोडायचा. शेजारच्या काकूंनाही आठवडाभर त्रास होईल म्हणून आधीच सांगून आले.

बाळाला पाठीवरच झोपवा, टणक सपाट गादीवर, त्याची जागा वेगळी ठेवून. मोहरीची उशी, जाड दुपटी, काही जवळ नको. कामावर परत जायचं असेल तर निदान तीन आठवडे आधी सुरू करा, आणि लस दिलेली असेल किंवा ताप असेल तर तेवढे दिवस जाऊ द्या.