डीएफचं आउटपुट व्हेरिएबलमधे घेतलं की सगळं एकाच ओळीत काहून येते?

तुमचे प्रश्न दोन आहेत, डीएफचं (df, डिस्कवर किती जागा भरली ते दाखवणारी कमांड) आउटपुट व्हेरिएबलमधे घेऊन इको केलं तर सगळ्या ओळी एकात एक होतात, अन् ड्राइव्ह लावलेला नसला, कमांड फेल झाली तरी खालचा $? (मागची कमांड नीट झाली की नाही ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे नीट) शून्यच दाखवते.

पहिलं सोपं आहे भाऊ. ओळी व्हेरिएबलमधे जशाच्या तशा आहेत, तुम्ही इको $जागा लिहिलं, कोट्स नाही लावले, म्हणून शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम, इथं बॅश) ती व्हॅल्यू स्पेस, टॅब, नवीन ओळ दिसेल तिथं तोडते अन् इको ते तुकडे मधे एकेक स्पेस टाकून छापते. इको "$जागा" लिहा, ओळी दिसतील. (नाव इथं देवनागरीत लिहिलं, स्क्रिप्टमधे रोमनच ठेवा, बॅशला दुसरं चालत नाही.) आणि आउटपुटमधे कुठं सुटा * असला तर कोट्सशिवाय त्याच्या जागी फोल्डरमधल्या फाइलींची नावं येऊन बसतात, त्यामुळे कोट्सची सवयच लावून घ्या. शेवटच्या रिकाम्या ओळी मात्र $(...) कापूनच टाकते, त्या कोट्स लावूनही येत नाहीत.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या फंक्शनमधे लोकल जागा=$(डीएफ ...) असं एकाच ओळीत आहे. लोकल ही स्वतःच एक कमांड आहे, ती नीट झाली की शून्य देते, मग आतली डीएफ फेल होवो की काही होवो, $? मधे लोकलचा निकाल येते, डीएफचा नाही, आणि सेट -ई (कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) लावलं तरी हे पकडल्या जात नाही. मी नागपूरच्या कळमन्यात एका संत्र्याच्या अडत्याकडे बॅकअपची स्क्रिप्ट लावली होती, त्यात हीच ओळ. डिस्क भरली, डम्प (डेटाची कॉपी) अर्धवट राहिला, स्क्रिप्टनं $? शून्य पाहून जुना बॅकअप उडवला, मग ऐन सीझनमधे दोन दिवसांच्या पट्ट्या कागदावरून बघून पुन्हा टाइप कराव्या लागल्या. तेव्हापासून मी लोकल जागा एका ओळीत अन् जागा=$(...) खालच्या ओळीत लिहितो, तसं केलं की $? खरोखर आतल्या कमांडचा असते. किंवा सरळ इफ जागा=$(...), देन असं लिहा, मला तर हेच जास्त आवडते. एक्सपोर्ट आणि डिक्लेअरचंही असंच आहे बरं.

एरर मेसेज व्हेरिएबलमधे येत नाही तो स्टँडर्ड एररवर (आउटपुटपासून वेगळ्या वाटेनं) जातो म्हणून, पाहिजेच असला तर कंसाच्या आत 2>&1 लावा, पण आउटपुटमधून आकडा काढायचा असला तर नका लावू, दोन्ही मिसळून जाते.

आणि तुम्हाला फक्त किती टक्के भरलं तेच पाहिजे, तर पूर्ण टेबल घेऊन त्यातून रकाना काढायला ऑक (awk) कशाला, लिनक्सच्या डीएफला --आउटपुट=पीसेंट (--output=pcent) अन् ड्राइव्हचा पाथ द्या, पुढे पाइप लावून टीआर -डीसी '0-9' (tr -dc, आकडे सोडून बाकी सगळं काढून टाकते), हेडिंगमधे आकडा नसतो म्हणून नुसता नंबरच हाती येते.