टाचेतलं रक्त घेतलं म्हणजे बाळात दोष आहे का?

हे मला सारखं विचारलं जातं, आणि गंमत म्हणजे आई स्वतः क्वचितच विचारते, नवरा नाहीतर आजी विचारते. मध्ये एका ताईंचं असंच झालं. बाळाची तपासणी झालेली, रिपोर्ट नॉर्मल, उरलेले थेंब संशोधनासाठी ठेवू का एवढंच विचारायला आमच्या दवाखान्यातून फोन गेला. केसपेपरवर नंबर नवऱ्याचा, तो कंपनीत शिफ्टला, ताई बाळंतपणाला माहेरी. संमती, लिंक असं काहीतरी ऐकून त्याने फ्रॉड समजून नंबर ब्लॉक केला (बरोबरच केलं म्हणा!) पण माहेरी निरोप पोचला तो असा की दवाखान्यातून फोन होता, बाळात काहीतरी निघालंय.

दीड महिन्याच्या डोसला आल्या तेव्हा पहिला प्रश्न, मॅडम माझ्याच बाळाला का? म्हटलं ताई, इथे जन्मलेल्या सगळ्यांनाच विचारतोय. जन्मानंतर साधारण २४ ते ७२ तासांत टाचेतून थेंब घेतात, थायरॉइड जन्मतःच कमी असेल तर बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं, पण पहिल्या दोनेक आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ वाचते. ती तपासणी वेगळी, संशोधन वेगळं. संशोधनाला नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडत नाही, आणि हो म्हणून नंतर माघार घेतली तरी चालतं.

मला खटकतं ते पुढचं. शहरातल्या, स्वतःचा फोन असलेल्या आया व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवर दोन मिनिटांत टिक करून मोकळ्या होतात, वाचतात की नाही देव जाणे. ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्याच्या नंबरवर नोंदलेली बाई मात्र आम्हाला सापडतच नाही आणि कागदावर तिचा चक्क नकार धरला जातो, अहो तिला विचारलंय कुणी? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात २०१८ पासून अर्ली चेक नावाचा प्रकल्प आयांना पत्रं पाठवून ऑनलाइन संमती घ्यायचा, तिथेही नाव नोंदवणाऱ्यांत गोऱ्या, जास्त शिकलेल्या बायकाच जास्त. म्हणून मी डिस्चार्जच्या आधीच खाटेपाशी जाऊन बोलते, माहेरचा नंबर घेते, आशाताईंचाही.

आणि असा फोन आलाच तर ओटीपी कुणाला देऊ नका, डिस्चार्ज कार्डवरच्या नंबरवर आपणच फोन करून विचारा.

त्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थेंब ठेवायला नाही म्हणाल्या. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी फॉर्मवर ‘नाही’ असं लिहिलं, ताईंची सही घेतली आणि रिपोर्टची झेरॉक्स हातात दिली.