सासूबाई दार न वाजवता आमच्या खोलीत येतात. त्यांना न दुखावता कसं सांगू?

आधी नवऱ्याशी बोला आणि आईला त्यालाच सांगू द्या. तेही त्या आत आल्या त्या क्षणी नको, दुपारच्या चहाला, निवांत. वाक्य एकच: 'आई, आत येताना दार वाजव, आम्ही लगेच उघडतो.' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांच्या अहिंसक संवादाच्या, म्हणजे दोष न देता बोलण्याच्या, पद्धतीत निरीक्षण, भावना, गरज आणि शेवटी विनंती असा क्रम आहे. ही विनंती नेमकी हवी. 'तुम्ही नेहमीच असं करता' म्हटलं की विषय दाराचा राहत नाही, स्वभावाचा होतो, आणि मग मागचं सगळं उकरून निघतं. सवय सुटेपर्यंत तेच वाक्य, त्याच सुरात. मात्र घरात धमक्या किंवा मारहाण असेल तर समजावत बसू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.