वाचकांचे प्रश्न : सेल्फ सुस्त फिरतो आणि गाडी सुरू होत नाही

प्रश्न : माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल गाडी आहे. गेले काही महिने किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) अगदी रडत फिरतो, इंजिन दोन-चार फेरे घेते आणि अडकते. त्या वेळी डॅशबोर्डवरचे दिवे जवळजवळ विझतात. नवी बॅटरी टाकली, तेव्हा काही दिवस गाडी बरी चालली आणि नंतर पुन्हा तेच सुरू झाले. धक्का मारला की मात्र ती चटकन सुरू होते आणि मग दिवसभर त्रास देत नाही. मेकॅनिक आता सेल्फच बदलून टाकू म्हणतात. बदलावा का?

उत्तर : इतक्यात बदलू नका. धक्का मारल्यावर गाडी चटकन सुरू होते, हे तुम्ही लिहिले ते फार बरे केले, कारण पेट्रोल येते आहे, ठिणगी पडते आहे आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) पुरेसे आहे, हे त्यावरून कळते. म्हणजे दोष बॅटरी, सेल्फ आणि त्यांना जोडणाऱ्या जाड वायरी एवढ्यातच कुठेतरी आहे. सेल्फ नेटाने फिरत नाही म्हणून गाडी सुरू होत नाही, इतकाच त्या दोन तक्रारींचा संबंध आहे. सेल्फ बॅटरीला खाली ओढतो आणि ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइलही त्याच बॅटरीवर चालत असल्याने नेमकी गरज असते तेव्हाच ठिणगी क्षीण पडते. शिवाय इंजिन संथ फिरले की कार्ब्युरेटरमधून हवेचा वेग कमी राहतो आणि पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्यामुळे प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर यांना सध्या हात लावण्याचे कारण नाही.

दिवे विझू लागतात ही दुसरी खूण. सेल्फ सुस्त असूनही दिवे लख्ख राहिले असते, तर फक्त सेल्फकडे जाणाऱ्या वायरीवर किंवा इंजिनाच्या अर्थवर (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीवर) संशय घेता आला असता. ते मंदावतात, याचा अर्थ बॅटरीच कमी पडते, तिच्या टर्मिनलची पकड खराब आहे, किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो. नवी बॅटरी काही दिवस चालली आणि मग बसली, हे पाहता माझा पहिला संशय चार्जिंगवर आहे.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी किल्ली न लावता बॅटरीचे व्होल्टेज मोजा. बारा व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीत 12.6 किंवा थोडे अधिक दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12.0 च्या आसपास आली तर ती उतरलेलीच समजावी. मग गाडी कशीही करून सुरू करा आणि इंजिनाचा वेग थोडा वाढवून पुन्हा मोजा. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र) ठीक असेल तर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसतात. आकडा 12 च्या घरातच राहिला, तर बॅटरी भरतच नाही. अशा वेळी पट्टा सैल आहे का, अल्टरनेटरची वायर सुटली आहे का, त्याचे ब्रश झिजले आहेत का, हे आधी पाहावे. चार्जिंग व्यवस्थित असूनही बॅटरी सकाळी उतरलेली सापडली, तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खात आहे. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडा. सर्व काही बंद असताना 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसले, तर एकेक फ्यूज काढून, कोणता काढल्यावर आकडा उतरतो ते बघावे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जळेल.

चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरल्यावरही सेल्फ सुस्तच फिरला, तर पुढची तपासणी करायची, आणि सगळ्यांत जास्त सांगण्यासारखे याच तपासणीत आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलकडे येणारी बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकवा, त्यांवर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. यानंतर एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर तेवढे व्होल्टेज वाटेतच वाया जाते आहे. तसेच निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनाचा स्वच्छ, रंग नसलेला धातू यांच्यामध्ये मोजा, तिथे 0.3 व्होल्टच्या आत राहायला हवे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी थांबावे, नाहीतर त्याची गुंडाळी तापून खराब होते.

एवढ्या बारीक आकड्यांचा आग्रह का, ते हिशेबाने दिसेल. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सहज 150 अँपिअर ओढतो. जोडणीत अवघा 0.02 ओहमचा रोध (विजेला होणारा अडथळा) आला, तरी 150 ला 0.02 ने गुणल्यावर 3 व्होल्ट तिथेच संपतात आणि सेल्फला काय उरते ते उघड आहे. हाच रोध दिव्याच्या एखाद-दोन अँपिअरला जाणवतही नाही, म्हणून 'दिवे लागतात म्हणजे जोडणी चांगली आहे' हा समज फसवा ठरतो.

बहुतेक जुन्या गाड्यांत हा रोध टर्मिनलवरच असतो. क्लॅम्प बाहेरून कितीही घट्ट दिसला तरी तो काढून आतली कड पाहावी. तिथे राखाडी-काळा, निस्तेज थर बसलेला असतो. तो खरवडून शिसे चकाकेपर्यंत साफ करायचा. बाहेरची पांढरी-हिरवी भुकटी खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना शेवटी, हा क्रम सोडू नका. हातातली अंगठी, कडेही काढून ठेवा. नंतर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी शोधा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे करंट परत जाण्याचा खात्रीचा मार्ग ही पट्टीच असते. ती तुटली किंवा गंजली तर करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागते. असे दिसले की दुसरे काही पाहण्याआधी नवी पट्टी लावावी.

सेल्फच्या बोल्टपर्यंत 10 व्होल्ट किंवा अधिक पोचत असूनही तो रेंगाळतो, तेव्हाच त्याला दोषी धरावे. तेव्हाही आधी तो उघडून कार्बन ब्रश आणि बुश (दांड्याला आधार देणाऱ्या धातूच्या कड्या) पाहायला सांगा. बुश झिजले की आर्मेचर (सेल्फमधला फिरणारा भाग) एका बाजूला कलून घासू लागते, आणि मग सेल्फ जास्त करंट ओढूनही कमी फिरतो. ब्रश-बुश बदलून पुष्कळ सेल्फ पूर्ववत चालतात. राहता राहिले इंजिन. सर्व स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून ते हाताने फिरवा. एकसारखे फिरले तर चिंता नाही. जड वाटले किंवा मध्येच अडकले तर जोर करू नका आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न : आमची गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होते, पण लांब पल्ल्यावरून येऊन थोडा वेळ थांबवली की सेल्फ जड होतो. असे का होत असावे?

उत्तर : तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो; तापमान 50 अंशांनी चढले तर तो सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. त्यात सेल्फ एक्झॉस्टच्या जवळ असतो. त्यामुळे मुळात कमजोर असलेली जोडणी किंवा झिजलेला सेल्फ गरम असताना उघडा पडतो. सेल्फ आणि एक्झॉस्ट यांच्यामधला उष्णतेपासून वाचवणारा पत्रा जागेवर आहे का, ते पाहा. दुसरी शक्यता इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फार पुढे असण्याची आहे, कारण अशा वेळी ठिणगी लवकर पडून पिस्टनला उलटा दणका बसतो. गरम इंजिनावरच कॉइलची वायर काढून सेल्फ मारून पाहा. तो मोकळा फिरू लागला तर टायमिंग तपासून घ्या, सेल्फवर खर्च करू नका.

प्रश्न : जुनी डिझेल गाडी आहे. बॅटरी थोडीशी उतरली तरी ती सुरू होत नाही. इंजिन फिरताना तर दिसते!

उत्तर : डिझेलमध्ये ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. इंजिन संथ फिरले की ही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरायला आणि हवा रिंगांवाटे निसटायला वेळ मिळतो, मग फिरूनही ते पेट घेत नाही. म्हणून वरच्या सर्व तपासण्या तुमच्यासाठी अधिकच महत्त्वाच्या आहेत. त्यांच्या जोडीला ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग) असतील तर तेही एकेक करून तपासा, आणि तेल ठरवून दिलेल्यापेक्षा जाड भरले गेले नाही ना, याचीही खात्री करा.