कॉरिडॉर चालवायचा कोणी आणि पैसे आणायचे कुठून?

कॉरिडॉर म्हणजे बंदरापासून देशांच्या सीमा ओलांडत माल नेणारा रस्ता-रेल्वेचा मार्ग. रस्ता बांधणं त्यातल्या त्यात सोपं. खरा वेळ जातो तो सीमेवर. ट्रक उभा, इंजिन बंद, ड्रायव्हर कागदांची चळत घेऊन एका खिडकीवरून दुसरीकडे, आणि नदी ओलांडली की तेच सगळं परत. झांबिया-झिंबाब्वे सीमेवर चिरुंडूला 2009 मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी आणली. ट्रक थांबतो एकदाच. नवं डांबर न टाकता वेळ वाचला.

म्हणून बंदर, रेल्वे, कस्टम्स आणि वाहतूकदार यांना एका टेबलावर बसवणारी संस्था हवी. नुसती समिती नेमली तर चहापानापलीकडे काही होत नाही (हे माझं मत). तिला स्वतःचं उत्पन्न लागतं. केनियातल्या मोंबासा बंदराच्या नॉर्दर्न कॉरिडॉरची समन्वय संस्था बंदरातून जाणाऱ्या मालावर टनामागे छोटी पट्टी घेते.

बांधकामाचे पैसे वेगळे. दक्षिण आफ्रिका-मोझांबिकमधला एन-4 रस्ता 1997 मध्ये 30 वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला दिला, वसुली टोलमधून. पण जिथे रहदारीच विरळ, तिथे टोलवर भागत नाही. सरकारी तिजोरी किंवा विकास बँकेचं कर्जच लागतं.