थायरॉईडच्या त्रासात सतत थकवा आणि उदास वाटतं. गाण्यानं खरंच उभारी मिळते का?

मिळते, ताई. मलाही हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते; खानापूरला राहते. आधी एक सांगते, गाण्यानं टीएसएच, म्हणजे या आजारात रक्ततपासणीत वाढलेला दिसतो तो आकडा, खाली येत नाही. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबरच घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर 4 तासांनी.

ती चहाआधीची वेळ मला फार जड जायची. अंग शिणलेलं, चेहरा सुजलेला, कुणाशी बोलावंसंही वाटायचं नाही. आता तेवढा वेळ कुमार गंधर्वांचा. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे ते, जन्म 1924 चा. ऐन भरात असताना क्षयानं एक फुप्फुस निकामी केलं, काही वर्षं गाणं बंद. मग पुन्हा गायले ते उरलेल्या दमाच्या बेतानं: छोटे छोटे तुकडे, मध्येच थांबणं, आणि एकदम वर झेपावणारा स्वर. त्यांचा आजार वेगळा, मान्य. पण निर्गुणी भजनातलं ते थांबणं ऐकलं, की अंगात बळ नसलेल्या दिवशीही जमेल तेवढं करायला मी उठते.

नुसतं ऐकू नका, गा. एकादशीला गल्लीतल्या भजनाला जाऊन बसा. या आजारात आवाज घोगरा होऊ शकतो, होऊ दे. टाळ धरा, मागून चाल ओढा, तिथं कुणी आवाज तपासत नाही.

उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस बदलला तर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात.